हजेरी चुकली, गुन्हा नोंदला

सोलापुरातल्या वर्तमानपत्रात गुन्ह्याची बातमी आली की आरोपीच्या नावापुढे वय आणि पत्ता येतो. पत्ता मुरारजी पेठेचा असेल तर वाचक पुढच्या ओळीवर जातो. ‘रा. सेटलमेंट फ्री कॉलनी’ असं असेल तर तो तिथेच थांबतो, आणि बातमी पुरी वाचण्याआधीच त्याच्या मनात निकाल लागलेला असतो. शहरातला कुठला भाग बरा, कुठे रात्री जाऊ नये, कुठे खोली घेऊ नये, यावर मत नसलेला माणूस सोलापुरात सापडायचा नाही. हे मत कुठून आलं याचा माग कागदांत लागतो. मात्र तो पोलीस ठाण्याच्या रजिस्टरापाशी संपत नाही, दीडशे वर्षं मागे जातो.

कागद पुष्कळ आहेत. सोलापूर जिल्ह्याचं १८८४ चं गॅझेटियर आहे, त्यात एकेका जातीची वस्ती, पेहराव आणि धंदा सांगता सांगता तिचा ‘स्वभाव’ही सांगून टाकलेला आहे. मुंबई इलाख्यातल्या गुन्हेगार वर्गांवर पोलीस अधिकारी मायकेल केनेडी यांनी १९०८ मध्ये काढलेलं पुस्तक आहे. ते लिहिलं गेलं पोलिसांच्या वापरासाठी. कोणती जमात कशी ओळखावी आणि चोरीची तिची रीत कोणती, हे त्यात जमातवार दिलं आहे. पुढे सेटलमेंट अधिकाऱ्यांचे वार्षिक अहवाल, मिशनऱ्यांचे वृत्तान्त आणि चौकशी समित्यांचे अहवाल येतात. यांतला बहुतेक मजकूर पाळत ठेवणाऱ्यांनी लिहिलेला आहे. ज्यांच्यावर पाळत होती त्यांचं नाव त्यात आहे, अंगठा आहे, बोलणं जवळजवळ नाही. हे लक्षात ठेवूनच ते वाचावे लागतात.

सगळ्यांच्या मुळाशी आहे १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा. हिंदुस्थानात सुताराचा मुलगा सुतार होतो तसा चोराचा मुलगा चोर होणार, असा सरकारी युक्तिवाद होता. सुरुवातीला हा कायदा उत्तरेत लागू झाला. १९११ मध्ये त्याचं नवं रूप आलं, त्यात मुंबई इलाखाही सापडला. १९२४ मध्ये सगळं पुन्हा एकत्र बांधलं गेलं. आपल्याला कामाचा आहे तो हा शेवटचा मसुदा, आणि त्यातली काही कलमं जवळून पाहायला हवीत.

कलम ३ प्रमाणे सरकारने अधिसूचना काढली की अख्खी जमात ‘गुन्हेगार’ ठरे. कलम २९ प्रमाणे त्या अधिसूचनेच्या वैधतेवर कोणत्याही न्यायालयाला शंका घेता येत नसे. कलम १६ ने माणसांना वसाहतीत, म्हणजे सेटलमेंटमध्ये, ठेवता येई, कलम १७ ने मुलांना आईबापांपासून वेगळं काढून सरकारी शाळेत घालता येई. कलम २३ ने ठरावीक गुन्ह्यांत दुसऱ्यांदा दोषी ठरल्यास किमान सात वर्षं, तिसऱ्यांदा जन्मठेप काळ्या पाण्याची. कलम २४ तर वाचून थांबावं असं आहे: नोंदलेल्या जमातीचा माणूस चोरी करण्याच्या बेतात होता असं न्यायालयाला परिस्थितीवरून वाटलं, तर तीन वर्षांपर्यंत कैद. चोरी व्हायलाच हवी असं नव्हतं. आणि कलम २५ ने, पासाशिवाय हद्दीबाहेर दिसलेल्या माणसाला पोलीसच काय, गावचा पाटील किंवा चौकीदारही वॉरंटविना पकडू शकत असे.

सोलापूरची वसाहत पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे उभी राहिली. मुंबई इलाख्यातल्या या साऱ्या कारभाराचे प्रमुख होते आय.सी.एस. अधिकारी ओ. एच. बी. स्टार्ट. विजापूरला त्यांनी आधी हा प्रयोग करून पाहिला होता. सोलापूरच्या वसाहतीची देखभाल अमेरिकन मराठी मिशनकडे होती आणि तिला उमेदपूर असं नाव होतं. कैकाडी, भामटा, पारधी, मांग गारुडी, कंजारभाट, छप्परबंद अशा जमातींची कुटुंबं अशा वसाहतींत आणून बसवली गेली. स्टार्ट यांना निव्वळ जुलमी म्हणून मोकळं होता येत नाही. त्यांच्या अहवालांत शाळा आहेत, बिगाऱ्याचा कारागीर झालेली माणसं आहेत, आणि पुढे १९२८ मध्ये मागासवर्गांसाठी नेमलेल्या ज्या समितीचे ते अध्यक्ष होते, तिच्यात डॉ. आंबेडकर सदस्य होते. माणूस सुधारतो यावर त्यांचा विश्वास होता. कुंपणाच्या आत ठेवून सुधारतो, यावरही होता.

जागा सोलापूर का, याचं उत्तर गिरण्यांच्या भोंग्यात आहे. जुनी गिरणी १८७७ मध्ये सुरू झालेली. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापर्यंत नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू अशा गिरण्या उभ्या राहत गेल्या. त्यांना माणसं हवी होती, आणि सरकारला या माणसांना बांधून ठेवणारं काम हवं होतं. दोघांची गरज एकमेकांत बसली. संप आला, दुष्काळ पडला, मजुरी घसरली, तर इतर कामगार गावी जाई. वसाहतीतल्या कामगाराला गावी जायला पास लागे.

त्याचा दिवस कायद्याच्या कलमांतून आणि नियमांतून बराच उभा करता येतो. सकाळी हजेरी. नाव पुकारलं की पुढे यायचं. मग पाळीला गिरणी. पाळी सुटली की रेंगाळायचं नाही. संध्याकाळी पुन्हा हजेरी. पंढरपूरला वारीला जायचं, बहिणीच्या लग्नाला जायचं, आजारी बापाला पाहायला जायचं, तर आधी अर्ज, मग पास, पासावर तारीख. तारीख उलटली की गुन्हा. वर्तन चांगलं राहिलं तर कुंपणाबाहेर, पण वसाहतीला लागूनच असलेल्या मोकळ्या वस्तीत राहायची सवलत मिळे. आज ज्याला फ्री कॉलनी म्हणतात ती इथून आली.

वार्षिक अहवालांतले तक्ते आता नीट वाचता येतात. वसाहतीची लोकसंख्या, कामावर किती, शाळेत किती, फरारी किती, शिक्षा झालेले किती. ‘फरारी’ म्हटल्यावर डोळ्यांपुढे दरोडेखोर येतो. प्रत्यक्षात त्या रकान्यात भावाकडे जाऊन दोन दिवस उशिरा परतलेला माणूसही बसतो. ‘शिक्षा’ म्हटल्यावर चोरी वाटते, पण हजेरीला न येणं हीही शिक्षेची बाब आहे. मुरारजी पेठेतल्या माणसाने सकाळी उठून कुणालाही तोंड दाखवलं नाही तर तो गुन्हा नव्हता. सेटलमेंटमधल्या माणसासाठी होता. मग दोन्ही ठिकाणच्या शिक्षांचे आकडे शेजारी मांडून ‘ही वस्ती वाईट’ म्हणणं हा हिशेबच चुकीचा. एका पारड्यात चोऱ्या, दुसऱ्यात चोऱ्या अधिक गैरहजेऱ्या.

त्याच काळात बाहेर काय चाललं होतं, हे पाहिलं की आपल्याकडचं वेगळेपण ठसतं. लंडनमध्ये चार्ल्स बूथ यांनी १८८९ पासून गरिबीचे नकाशे प्रसिद्ध केले. त्यांत सर्वांत खालच्या वर्गाच्या गल्ल्या काळ्या रंगाने भरल्या आणि त्या वर्गाला ‘अर्धगुन्हेगार’ म्हणायलाही ते कचरले नाहीत. पण तो रंग गल्लीचा होता. कुटुंब उठून दुसऱ्या गल्लीत गेलं की रंग बदलत असे. शिकागोत क्लिफर्ड शॉ आणि हेन्री मॅके यांनी १९४२ च्या ग्रंथात दाखवलं की काही भागांत पिढ्यान्‌पिढ्या गुन्हेगारी जास्त राहिली, पण तिथे राहणारे लोक मात्र बदलत गेले. आधी एका देशातून आलेले, मग दुसऱ्या. म्हणजे दोष रक्तात नाही, त्या जागेच्या परिस्थितीत शोधायचा. सोलापुरात नेमकं उलट धरलं होतं. इथे दोष आधी रक्तात ठरवला, मग त्यासाठी जागा तयार केली. आणि जागा तयार झाल्यावर तिची बदनामी आपोआप झाली.

आता सोलापूरचीच दुसरी नोंद शेजारी ठेवू. मे १९३०. गांधीजींच्या अटकेची बातमी आली आणि शहर पेटलं. ८ मे रोजी रूपाभवानीच्या परिसरात शिंदीची झाडं तोडण्यावरून जमाव आणि पोलीस समोरासमोर आले. गोळीबारात शंकर शिवदारे गेले. मग मंगळवार पेठेतली पोलीस चौकी आणि न्यायालयाची इमारत जळाली, दोन पोलीस मारले गेले. पुढचे काही दिवस शहरात पोलीस नव्हते. १२ मे रोजी मार्शल लॉ पुकारला गेला, तो ३० जूनपर्यंत होता. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि किसन सारडा यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी झाली.

पोलीस नसलेल्या त्या दिवसांबद्दल दोन प्रकारचं लिखाण आहे. सरकारी बाजू सांगते की बेबंदशाही माजली होती. सोलापूरकरांच्या आठवणी सांगतात की स्वयंसेवकांनी रस्त्यावरची रहदारी आणि बाजारपेठ सांभाळली, आणि तेच शहराच्या स्वातंत्र्याचे दिवस होते. दोन्ही बाजूंना आपापलं म्हणणं पुढे रेटायचं होतं, तेव्हा कुठलीच जशीच्या तशी घेऊ नये. पण एक गोष्ट दोन्हींत धरून चालता येते. सोलापुरात ब्रिटिश राजवटीला सर्वांत मोठा हादरा बसला तो पेठांमधून, भर वस्तीतून. त्याची सामूहिक शिक्षा सात आठवड्यांच्या लष्करी अंमलात संपली. कोणाही पेठेच्या नातवंडांना रोज हजेरी लागली नाही. सेटलमेंटची हजेरी मात्र त्या आधीही होती आणि पुढेही वीसेक वर्षं राहिली.

कायद्यावरचा आक्षेप हळूहळू वर चढत गेला. १९३६ मध्ये नेहरूंनी त्याचा जाहीर धिक्कार केला. मुंबईत काँग्रेसचं मंत्रिमंडळ आल्यावर गृहमंत्री क. मा. मुनशी यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती बसली. १९४९ मध्ये मुंबई प्रांताने कायदा रद्द केला, केंद्राने अनंतशयनम् अय्यंगार समिती नेमली, आणि ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो देशभर संपला. नेहरूंनी सोलापुरात येऊन कुंपणाची तार तोडली, अशी हकीकत दर ३१ ऑगस्टला, विमुक्त दिनाच्या भाषणांत सांगितली जाते. तिचं वर्ष वक्त्यागणिक बदलतं. लोकांना मुक्तीचा एक हात, एक कात्री, एक क्षण हवा असतो, त्यात गैर काही नाही. पण मुक्ती आली ती कायदेमंडळातून, आणि सोबत मागचं दार उघडं ठेवून आली: सराईत गुन्हेगारांविषयीचे कायदे. मुंबईचा असा कायदा १९५९ चा. त्यात जमातीचं नाव नाही, पण पोलिसांच्या हिस्ट्री शीटला नाव कुठलं लागायचं, हे जुन्या रजिस्टरांनी आधीच शिकवलेलं होतं.

महाराष्ट्र सरकारने पुढे १४ विमुक्त जाती आणि २८ भटक्या जमातींची यादी केली. सोलापूरचेच बाळकृष्ण रेणके यांच्या अध्यक्षतेखालच्या राष्ट्रीय आयोगाने २००८ मध्ये अहवाल दिला. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुकन्या शांता खटल्यात तुरुंग नियमावल्यांतली जातीवर आधारलेली कलमं घटनाबाह्य ठरवली; काही नियमावल्यांत ‘गुन्हेगार जमाती’ची भाषा तोवर टिकून होती. कायदा मेल्याला तेव्हा बहात्तर वर्षं झाली होती.

सोलापूरच्या पोलीस खात्यालाही यातून एक वेगळी वाट सापडली, हे नोंदवायला हवं. २०२१ मध्ये ग्रामीण पोलिसांनी तत्कालीन अधीक्षक तेजस्वी सातपुते यांच्या पुढाकाराने ऑपरेशन परिवर्तन सुरू केलं. मुळेगाव तांड्यासारख्या हातभट्टीच्या ठिकाणी एकेक अधिकारी दत्तक घेतल्यासारखा नेमला, आणि नुसत्या धाडी न घालता दुसरा धंदा उभा करण्यावर भर दिला. पाळत इथेही होतीच. पण प्रश्न ‘हे कोण आहेत’ इथे अडला नाही, ‘हे काय खातात’ इथवर गेला.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग दरवर्षी आकडे काढतो. वीस लाखांवरच्या १९ महानगरांची तुलना त्यात असते. २०११ च्या गणनेत साडेनऊ लाखांचं असलेलं सोलापूर त्यात बसत नाही. त्या अहवालातच बजावलेलं असतं की नोंदलेले गुन्हे वाढणं आणि गुन्हे वाढणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ही सूचना शहरांना लागू असेल तर मोहल्ल्यांना दुप्पट लागू आहे, कारण मोहल्ल्याच्या आकड्यात किती वेळा पोलीस तिथे गेले हे मिसळलेलं असतं. रोज झडती होणाऱ्या वस्तीत सापडणारच. ज्या बंगल्यांच्या कॉलनीत कधी कुणी झडती घेतली नाही, तिथलं काय सापडलं असतं याचा रकाना कुठल्याच तक्त्यात नाही.

सेटलमेंटमध्ये चोऱ्यामाऱ्या झाल्याच नाहीत, असं कागदांवरून म्हणता येत नाही आणि म्हणूही नये. त्रास झालेली माणसं शेजारच्या वस्त्यांतही असतील, त्या वस्तीच्या आतही. म्हणता येतं ते एवढंच की ‘वाईट वस्ती’ हा शिक्का तिथल्या पहिल्या चोरीच्याही आधीचा आहे, आणि तो मारणारा कागद अजून उपलब्ध आहे.

पाळत ठेवणाऱ्यांचे कागद मुंबईत राज्य पुराभिलेखागारात जपले गेले आहेत. पाळतीखालच्यांचे कागद, म्हणजे जुने पास, गिरणीची पगारपत्रं, वसाहतीतून सुटकेचा दाखला, शाळेचं प्रगतीपुस्तक, हे घराघरांतल्या पत्र्याच्या पेट्यांत असतील. सेटलमेंटमधल्या ज्या कुटुंबांकडे असा एखादा कागद असेल त्यांनी तो टाकून देऊ नये. त्याची एक प्रत काढावी, मागे आजोबांचं नाव आणि गिरणीचं खातं लिहावं, आणि ती शहरातल्या एखाद्या ग्रंथालयात किंवा महाविद्यालयात जमा करावी.