डॉक सॅव्हेजचा ‘एकांताचा किल्ला’: सुपरमॅनच्या आधीचा बर्फातला गुप्त अड्डा

सुपरमॅनचा उत्तर ध्रुवाजवळच्या बर्फातला गुप्त अड्डा सिनेमांमुळे जगभर माहीत झाला आहे. त्याचं नाव ‘फोर्ट्रेस ऑफ सॉलिट्यूड’, म्हणजे एकांताचा किल्ला. पण हे नाव आणि बर्फातल्या गुप्त घराची ही कल्पना सुपरमॅनच्या आधी दुसऱ्याच एका नायकाकडे होती. त्या नायकाचं नाव डॉक सॅव्हेज.

डॉक सॅव्हेज कोण होता?

१९३० च्या दशकात अमेरिकेत लाकडाच्या लगद्यापासून बनवलेल्या स्वस्त, खरबरीत कागदावर कथांची मासिकं छापली जात. लगद्याला इंग्रजीत पल्प म्हणतात, म्हणून ही ‘पल्प मासिकं’. मंदीच्या त्या काळात दहा सेंटमध्ये अख्खी कादंबरी वाचायला मिळे. न्यूयॉर्कच्या स्ट्रीट अँड स्मिथ या प्रकाशनसंस्थेने मार्च १९३३ मध्ये ‘डॉक सॅव्हेज’ हे मासिक सुरू केलं. १९४९ पर्यंत त्याचे १८१ अंक निघाले. लेखक म्हणून केनेथ रोबसन हे टोपणनाव छापलं जाई, पण बहुतेक कादंबऱ्या लेस्टर डेंट यांनी लिहिल्या होत्या.

नायकाचं पूर्ण नाव क्लार्क सॅव्हेज ज्युनियर. लहानपणापासून वेगवेगळ्या शास्त्रज्ञांच्या हाताखाली घडवलेला हा माणूस शल्यविशारद, संशोधक आणि पहिलवान असं सगळंच होता. उन्हाने रापलेल्या कांतीमुळे त्याला ‘ब्राँझचा माणूस’ म्हणत. न्यूयॉर्कमधल्या एका गगनचुंबी इमारतीच्या ८६ व्या मजल्यावर त्याचं कार्यालय होतं. मदतीला मंक, हॅम, रेनी, जॉनी आणि लाँग टॉम हे पाच साथीदार होते.

किल्ला कशासाठी होता?

किल्ल्याचा उल्लेख पहिल्याच कादंबरीत येतो. मधूनमधून डॉक कोणालाही न सांगता नाहीसा होई आणि आर्क्टिकमधल्या एका खडकाळ बेटावर जाऊन अभ्यास करी. विज्ञान, वैद्यक, अभियांत्रिकी अशा विषयांत नवं काय घडलं ते समजून घ्यायचं आणि स्वतःचे प्रयोग करायचे, एवढंच तिथलं काम. पाचही साथीदारांना ती जागा नेमकी कुठे आहे हे माहीत नव्हतं.

या एकांताची किंमतही पहिल्याच कादंबरीत दिसते. डॉक किल्ल्यात असताना इकडे त्याच्या वडिलांचा मृत्यू होतो आणि त्याच्यापर्यंत वेळेत निरोप पोहोचत नाही. ज्या जागी कोणी त्रास देऊ शकत नाही, त्या जागी कोणी हाकही मारू शकत नाही.

बर्फातच का?

त्या काळच्या वाचकांसाठी आर्क्टिक हा रोजच्या बातम्यांचा विषय होता. १९२६ मध्ये आमुंडसेन, एल्सवर्थ आणि नोबिले ‘नोर्गे’ या हवाई जहाजातून उत्तर ध्रुवावरून गेले. १९२८ मध्ये नोबिले यांचं दुसरं हवाई जहाज ‘इटालिया’ बर्फावर कोसळलं. त्यातून वाचलेल्यांपैकी काहींना सोव्हिएत जहाज ‘क्रासिन’ने बर्फ फोडत जाऊन सोडवलं. १९३७ मध्ये सोव्हिएत शास्त्रज्ञांनी तरंगत्या हिमखंडावर संशोधन केंद्रच थाटलं. म्हणजे प्रदेश अजून अनोळखी होता, पण विमानाने आणि जहाजाने गाठता येऊ लागला होता. गुप्त घर लपवायला याहून चांगली जागा लेखकाला मिळाली नसती. मात्र जिथे नायक पोहोचू शकतो तिथे खलनायकही पोहोचू शकतो, हेही ओघाने आलंच.

१९३८: किल्ल्यात घुसखोरी

पाच वर्षं वाचकांना फक्त या किल्ल्याचं नाव माहीत होतं. ऑक्टोबर १९३८ च्या अंकात ‘फोर्ट्रेस ऑफ सॉलिट्यूड’ याच नावाची कादंबरी आली आणि किल्ला पहिल्यांदा नीट दिसला. बेटावर काचेसारखा गुळगुळीत आणि टणक असा एक मोठा निळा घुमट उभा आहे. बाहेरून त्याला दार दिसत नाही. देखभालीला तिथलेच काही एस्किमो आहेत.

जॉन सनलाइट हा क्रूर आणि महत्त्वाकांक्षी माणूस सायबेरियातल्या कैदेतून सुटतो. बर्फ फोडत जाणाऱ्या जहाजातून भरकटत तो आणि त्याचे सोबती नेमके या बेटाला लागतात. आत शिरल्यावर त्याला जे सापडतं तो या कथेचा गाभा आहे. डॉकने आजवरच्या गुन्हेगारांकडून हिसकावलेली भयंकर शस्त्रं आणि स्वतःचे धोकादायक शोध नष्ट केलेले नसतात. ते त्याने इथे कुलूपबंद करून ठेवलेले असतात. जगापासून लपवलेलं हे सगळं एका जागी, तयार स्थितीत सनलाइटच्या हाती पडतं. मग ती शस्त्रं वापरून तो माणसं मारतो आणि आपसांत वैर असलेल्या बाल्कन देशांना ती विकू पाहतो.

डॉकची सगळी भिस्त जागेच्या गुप्ततेवर होती. जागा कोणालाच माहीत नसल्यामुळे चोरी झाल्यावर वेळीच ओरडायलाही कोणी नव्हतं. युरोपवर युद्धाचं सावट असताना छापलेल्या या कथेत घातक ज्ञान लपवून ठेवलं की काम भागतं का, हा प्रश्न नायकालाच भोवतो. हिशोब एका कादंबरीत मिटतही नाही. डिसेंबर १९३८ च्या ‘द डेव्हिल चंगेझ’मध्ये सनलाइट परत येतो. मूळ मालिकेत दुसऱ्यांदा आलेला तो एकमेव खलनायक आहे.

सुपरमॅनकडे कसा आला?

सुपरमॅनही १९३८ मध्येच अवतरला आणि त्याचंही नाव क्लार्क. १९४२ च्या एका अंकात त्याचं गुप्त ठिकाण डोंगरात होतं. जून १९५८ च्या ‘अॅक्शन कॉमिक्स’ अंक २४१ मध्ये त्याचा आर्क्टिकमधला किल्ला सविस्तर दाखवला गेला. त्याच्या दाराची सोनेरी किल्ली इतकी अवाढव्य की ती फक्त सुपरमॅननेच उचलावी. विशेष म्हणजे या कथेतही किल्ल्यात कोणीतरी शिरलेलं असतं, पण तो निघतो बॅटमॅन, मित्राची गंमत करायला आलेला. १९७८ च्या चित्रपटात किल्ला स्फटिकांचा झाला आणि तेच रूप लोकांच्या मनात बसलं.

डॉकच्या कादंबऱ्या १९६४ पासून पुस्तकरूपाने पुन्हा निघाल्या. १९७५ च्या त्याच्यावरच्या चित्रपटातही हा किल्ला दिसतो. पण तो चित्रपट चालला नाही. किल्ला आज जगाला माहीत आहे, त्याचा पहिला मालक मात्र फारसा कोणाला आठवत नाही.