अँटी-फेडरॅलिस्ट आणि हक्कांची सनद

अमेरिकेचे १७८७ चे संविधान आहे तसे स्वीकारण्यास विरोध करणारा गट म्हणजे अँटी-फेडरॅलिस्ट. जॉर्ज मेसन, पॅट्रिक हेन्री, एल्ब्रिज गेरी, मर्सी ओटिस वॉरन ही त्यातली ठळक नावे. केंद्राच्या हाती एवढी सत्ता नको, ही त्यांची एकंदर भूमिका. पण लोकांना सर्वाधिक पटली ती नागरिकांच्या हक्कांना लेखी हमी देण्याची मागणी.

ही मागणी अनुभवातून आली होती. ब्रिटिश अमदानीत जकात अधिकाऱ्यांकडे झडतीचे सरसकट हुकूमनामे असत. कोणाचे घर, कोणता माल, संशय कशाचा, यांपैकी काहीच त्यांत नमूद नसे. तस्करीचा माल शोधण्याच्या नावाखाली कोणाचेही घर वा वखार उघडता येई. १७६१ मध्ये जेम्स ओटिस याने बोस्टनच्या न्यायालयात या हुकूमनाम्यांवर हल्ला चढवला. न्यायालयाने ते वैधच ठरवले, पण त्या भाषणाने अनेकांची मने पेटवली. मर्सी वॉरन ही त्याचीच बहीण.

व्हर्जिनियाची १७७६ ची हक्क-घोषणा मुख्यतः मेसनने लिहिली होती. फिलाडेल्फियाच्या संविधान परिषदेत १२ सप्टेंबर १७८७ रोजी त्याने अशीच सनद संविधानालाही जोडावी, असे सुचवले. एकाही राज्याच्या शिष्टमंडळाने साथ दिली नाही. त्याने व गेरीने मसुद्यावर सही केली नाही.

केंद्राला मोजकेच अधिकार दिले आहेत, मग सनद कशाला, असे अलेक्झांडर हॅमिल्टनचे म्हणणे. त्यावर विरोधकांचे उत्तर बिनतोड होते : बंदिप्रत्यक्षीकरणाची हमी मसुद्यात लिहिलीच आहे, मग वृत्तपत्रे, धर्म आणि दिवाणी दाव्यांतील ज्यूरी यांबाबत मौन का? शिवाय ‘आवश्यक आणि योग्य’ ते कायदे करण्याची काँग्रेसला दिलेली मुभा कुठवर ताणली जाईल, याची त्यांना रास्त धास्ती होती.

मॅसॅच्युसेट्सने १८७ विरुद्ध १६८ मतांनी, दुरुस्त्या सुचवूनच संविधान स्वीकारले; व्हर्जिनियातही तसेच झाले. आधी सनद अनावश्यक मानणाऱ्या जेम्स मॅडिसननेच ८ जून १७८९ रोजी दुरुस्त्या मांडल्या. त्यांतल्या दहा १५ डिसेंबर १७९१ रोजी मंजूर झाल्या. चौथीनुसार झडतीच्या वॉरंटमध्ये जागा आणि वस्तू स्पष्ट लिहिणे बंधनकारक झाले.

या हक्कांच्या कक्षेबाहेर मात्र गुलाम राहिले. मेसन गुलामांच्या व्यापारावर टीका करी, पण त्याच्या स्वतःच्या मळ्यावर गुलाम राबत. राज्य सरकारांना ही सनद लागू नाही, असा निकालही १८३३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिला.