नॉमिनी म्हणजे वारस नव्हे!
प्रतिनिधी, वसई

सोसायटीच्या दप्तरी मुलाचे नाव नॉमिनी म्हणून लागले, की फ्लॅट त्याचाच झाला, अशी समजूत वसई-विरारच्या अनेक घरांत आढळते. कायद्याच्या दृष्टीने नॉमिनी हा केवळ विश्वस्त असतो. मालकी मृत्युपत्रानुसार आणि ते नसल्यास वारसा कायद्यानुसार ठरते.

'कालनिर्णय'कार जयंत साळगांवकर यांनी २०११ मध्ये मृत्युपत्र केले होते. २०१३ मध्ये त्यांच्या निधनानंतर म्युच्युअल फंडांच्या नॉमिनेशनवरून उद्भवलेला वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. नॉमिनेशनमुळे वारसाहक्क डावलता येत नाही, असा निर्वाळा न्यायालयाने १४ डिसेंबर २०२३ रोजी दिला.

मृत्युपत्र करताना...

* मृत्युपत्र साध्या कागदावरही करता येते. त्यास मुद्रांक शुल्क लागत नाही. नोंदणी ऐच्छिक आहे.

* भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ च्या कलम ६३ नुसार हिंदू आणि ख्रिस्ती व्यक्तींच्या मृत्युपत्रावर किमान दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात. मुस्लिमांसाठी व्यक्तिगत कायद्याचे नियम वेगळे आहेत.

* ख्रिस्ती कुटुंबांनी विशेष दक्षता घ्यावी. साक्षीदाराला अथवा त्याच्या पती-पत्नीला दिलेला हिस्सा रद्द ठरतो. विवाहापूर्वी केलेले मृत्युपत्रही विवाहानंतर रद्द होते.

* एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित वाडीत हिंदू व्यक्तीला केवळ स्वतःच्या हिश्श्याचेच मृत्युपत्र करता येते.

* वैध मृत्युपत्रांपैकी शेवटचेच ग्राह्य धरले जाते. त्यामुळे प्रत्येकावर तारीख घालावी आणि मूळ प्रत कोठे ठेवली आहे, हे विश्वासू व्यक्तीला अवश्य सांगून ठेवावे.