तंतुकणिकांमधील प्रथिन-आयात : शोधाचा इतिहास व एका व्याधीचा उलगडा

१९६३-६४ मध्ये तंतुकणिकांमध्ये (मायटोकॉन्ड्रिया) स्वतंत्र डीएनए असल्याचे सिद्ध झाले, तेव्हा त्या बऱ्याच अंशी स्वयंपूर्ण असाव्यात असे वाटणे स्वाभाविक होते. प्रत्यक्षात १९८१ मध्ये केंब्रिज येथे उलगडलेल्या मानवी तंतुकणिकीय डीएनएमध्ये अवघ्या १३ प्रथिनांची माहिती आढळली. उर्वरित हजाराहून अधिक प्रथिने केंद्रकातील जनुकांनुसार पेशीद्रवात तयार होतात व बाहेरून आत येतात.

या आयातीचा इतिहास बहुधा ग्युंटर ब्लोबेल यांच्या संकेत-सिद्धांतापासून सांगितला जातो. त्यांना १९९९ चे नोबेल पारितोषिक मिळाले असल्याने ते समजण्यासारखे असले, तरी अपुरे आहे. ब्लोबेल यांच्या मूळ मांडणीत प्रथिन तयार होत असतानाच पटलापार जाते. वॉल्टर नॉयपर्ट यांच्या गटाने १९७७ मध्ये न्यूरोस्पोरा या बुरशीवर केलेल्या प्रयोगांतून मात्र वेगळेच चित्र पुढे आले : तंतुकणिकांची प्रथिने आधी पेशीद्रवात तयार होतात व नंतर आत शिरतात. १९७९ मध्ये गॉटफ्रीड शात्झ व स्वतः ब्लोबेल यांच्या संयुक्त संशोधनात यीस्टमधील अशी काही प्रथिने आकाराने मोठ्या पूर्वरूपात निर्माण होतात आणि आयातीच्या वेळी त्यांचा जादा भाग छाटला जातो, हे दिसून आले. पुढे बाह्य व आंतर पटलांवरील प्रवेशद्वारांना अनुक्रमे टॉम व टिम ही नावे रूढ झाली.

बुरशी आणि यीस्ट यांवरील या कामाचा रुग्णांशी संबंध काय, याचे उत्तर नॉर्वेतील एका कुटुंबाने दिले. या कुटुंबातील पुरुषांमध्ये आढळणारा आनुवंशिक बहिरेपणा १९६० मध्ये नोंदविला गेला. तो केवळ कानाचा विकार मानला गेला. १९९५ मध्ये लिस्बेथ ट्रानेब्यर्ग व सहकाऱ्यांनी त्याच कुटुंबाची पुन्हा तपासणी केली, तेव्हा स्नायूंचे अनैच्छिक आकुंचन, दृष्टिऱ्हास व बौद्धिक ऱ्हासही त्याच व्याधीचे भाग असल्याचे स्पष्ट झाले. १९९६ मध्ये एक्स गुणसूत्रावरील दोषी जनुक सापडले; पण त्यापासून बनणारे प्रथिन नेमके काय करते, हे कळेना. तो उलगडा १९९९ मध्ये शात्झ यांच्या बाझल येथील प्रयोगशाळेत झाला. हे प्रथिन यीस्टमधील टिम-८ शी जुळणारे निघाले. दोन पटलांमधील अवकाशातून जलविरोधी प्रथिनांना आंतर पटलापर्यंत सोबत करणे, हे त्याचे कार्य. म्हणजे कानाचा म्हणून नोंदलेला विकार मुळात आयातीतील दोषाचा होता, आणि हे कळण्यास ३९ वर्षे लागली. जवळजवळ प्रत्येक प्रकारच्या पेशीत तंतुकणिका असूनही आघात प्रामुख्याने श्रवणचेता व मेंदूच्या ठरावीक भागांवरच का होतो, हा प्रश्न त्या शोधानंतरही संशोधकांपुढे उभा राहिला.