टॉवर झोपायला कसा शिकला?

फोनची बॅटरी १५ टक्क्यांवर आली की आपण लगेच बॅटरी सेव्हर लावतो. पण समोरच्या गच्चीवरच्या मोबाईल टॉवरचं काय? रात्री तीन वाजता, सगळे झोपलेले असताना, तो काय करतो? आजचा भाग त्याच्या झोपेच्या इतिहासावर.

१ जुलै १९९१ला फिनलंडमध्ये जीएसएमवरचा, म्हणजे २जीचा, पहिला कॉल झाला. जीएसएममध्ये वीज वाचवायची एक सोय होती, डीटीएक्स. बोलणारा गप्प झाला की प्रक्षेपण थांबवायचं. पण एक मेख होती. प्रत्येक सेलची एक मुख्य फ्रिक्वेन्सी अखंड, एकाच ताकदीनं चालू ठेवावी लागे, कारण तिची ताकद मोजूनच फोन टॉवर निवडत. पाठवायला काही नसलं तरी टॉवर रिकामे सिग्नल पाठवत राहायचा. सोसायटीचा वॉचमन रात्रभर श्वास न घेता शिट्टी वाजवतोय, असं समजा!

ही शिट्टी महाग पडते. मोठ्या टॉवरवर बरीचशी वीज खातो पॉवर अ‍ॅम्प्लिफायर. आपल्याकडे तर वीज गेली की डिझेल जळायचं. म्हणून जानेवारी २०१२मध्ये दूरसंचार विभागानं सांगितलं की २०१५पर्यंत ग्रामीण भागातले किमान ५० टक्के आणि शहरांतले २० टक्के टॉवर हायब्रिड विजेवर आणा. पण वीज कुठून आणायची हा अर्धाच प्रश्न. मुळात ती कमी कशी लागेल?

डिसेंबर २००९मध्ये स्टॉकहोम आणि ऑस्लोत ४जी आलं. आता शिट्टी अखंड नव्हती, पण प्रत्येक मिलिसेकंदात वाजायचीच. इंजिनिअर लोकांनी मधल्या फटीत अ‍ॅम्प्लिफायर बंद करायची युक्ती काढली. पण ती झोप कसली, नुसती डुलकी! कारण जितके जास्त भाग बंद कराल, तितका त्यांना जागं व्हायला वेळ लागतो. गाढ झोपेसाठी फट मोठी हवी.

ती फट मिळाली ५जीत. २०१८च्या मानकात रिकाम्या सेलनं साधारण दर २० मिलिसेकंदांनी 'मी आहे' म्हटलं तरी चालतं. आपल्याला हा वेळ काहीच नाही, पण यंत्रासाठी भरपूर.

मग रात्री टॉवर पूर्णच का बंद करत नाहीत? कारण त्याच वेळी कुणाला तरी १०८ लावायचा असतो. म्हणून गर्दीसाठी लावलेल्या जादा फ्रिक्वेन्सी झोपवतात, आणि लांबवर पोचणारी एक जागी ठेवतात. वॉचमन शिट्टी कमी वाजवेल, पण गेट सोडून जाणार नाही.

तर पुढच्या वेळी रात्री फोनवर एखादी दांडी कमी दिसली, तर कदाचित जवळची एखादी फ्रिक्वेन्सी झोपली असेल. झोपू द्या तिला. भेटू पुढच्या भागात!