मार्गारेटाची किडनी

गर्भाशयाच्या ऑपरेशनवर आपण गटाच्या बैठकीत पुष्कळ बोलतो. आज आम्ही किडनीच्या ऑपरेशनची गोष्ट सांगणार आहोत. तिची सुरुवातही एका बाईच्या ओटीपोटातूनच झाली.

मार्गारेटा क्लेब जर्मनीतली. पोटातली बीजांडाची गाठ काढताना तिची मूत्रनलिका, म्हणजे किडनीतून लघवी खाली आणणारी नळी, कापली गेली. तेव्हापासून लघवी सतत झिरपायची. कपडे ओले, अंगाला वास. चारचौघांत बसणं कसं जमत असेल तिला, हे बाईला वेगळं सांगायला नको. हायडेलबर्गच्या गुस्ताव सायमन या सर्जननी ती गळती बंद करायचे प्रयत्न केले, पण यश आलं नाही. उरला एकच मार्ग, त्या बाजूची किडनीच काढून टाकणं. पण एका किडनीवर माणूस जगतो का, याची खात्री कुणालाच नव्हती. सायमननी आधी कुत्र्यांवर प्रयोग केले. मग २ ऑगस्ट १८६९ रोजी मार्गारेटाला क्लोरोफॉर्म देऊन ऑपरेशन केलं. ती बरी झाली!

त्याआधी, १८६१ साली, अमेरिकेत एका सर्जननी यकृताची गाठ समजून एका पुरुषाची किडनीची गाठ काढली होती. तो पंधरा दिवसांत दगावला. मार्गारेटा जगली, म्हणून पुढे किडनीच्या कॅन्सरसाठीही हे ऑपरेशन करायचं धाडस डॉक्टरांना झालं.

आज काय दिसतं? हा कॅन्सर पुरुषांना बायकांच्या जवळजवळ दुप्पट होतो. ऑपरेशननंतर बायका सरासरीने जास्त जगतात. त्यांची गाठ बहुधा लहान आणि कमी आक्रमक असताना सापडते, हे त्याचं एक कारण. स्त्री-हार्मोनचाही वाटा असावा, असं काही संशोधकांना वाटतं. पाळी जाण्याच्या वयानंतर मात्र हा फायदा कमी होत जातो.

आणि एक गोष्ट आम्हाला खटकते. लघवीतून रक्त गेलं की पुरुषाची तपासणी लवकर होते. बाईला मात्र पाळीचं असेल, नाहीतर लघवीचा जंतुसंसर्ग असेल, असं म्हणून गोळ्या देऊन घरी पाठवतात. आपणही कमी नाही. 'उष्णता झाली' म्हणत धण्याचं पाणी पितो आणि पाळी जाऊन पाच वर्षं झाली असली तरी लाल लघवीचं कुणाला सांगत नाही.