गावचं पोस्ट दिल्लीचं की मुंबईचं? कोणाचा अधिकार कुठे चालतो, तक्रार कुठे करायची, सविस्तर माहिती

गावात पंधरा दिवस टपाल आलं नाही, आरडीचा हप्ता पासबुकात दिसला नाही किंवा ब्रँच पोस्ट बंद होणार अशी कुणकुण लागली, की ग्रामसभेत विषय निघतो. ठराव होतो. तो तहसील कार्यालयात जातो, आमदारांना निवेदन दिलं जातं. महिना-दोन महिन्यांनी उत्तर येतं, ‘सदर विषय या कार्यालयाच्या अखत्यारीत येत नाही.’ गावकऱ्यांना वाटतं, साहेबांनी हात झटकले. पण बऱ्याचदा ते उत्तर खरंच असतं. पोस्ट हा विषय राज्य सरकारकडे नाहीच.

गोंधळ होतो तो दुसऱ्या कारणाने. पोस्ट केंद्राचं असलं तरी पोस्टातून हातात पडणारा प्रत्येक रुपया केंद्राचा नसतो. निराधारांचं मानधन, लाडकी बहीणचे पैसे राज्याचे, खातं पोस्टाचं. आरडीचं खातं पोस्टाचं. घरी येऊन हप्ता नेणारी एजंट नेमली जिल्हा प्रशासनाने. अशा वेळी चुकीच्या दारात अर्ज टाकला तर महिने जातात आणि हातात काहीच येत नाही. म्हणून कोणाचा अधिकार कुठे संपतो, हे माहीत असलेलं बरं.

घटनेत काय लिहिलं आहे?

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत तीन याद्या आहेत. केंद्राची, राज्याची आणि दोघांची मिळून असलेली समवर्ती. शेती, पोलीस, जमीन, ग्रामपंचायत हे विषय राज्याच्या यादीत आहेत. ‘टपाल व तार, दूरध्वनी, बिनतारी, प्रसारण’ हा विषय केंद्राच्या यादीत ३१ व्या क्रमांकावर आहे. पोस्टाची बचत बँक त्याच यादीत ३९ व्या क्रमांकावर वेगळी लिहिली आहे.

याचा सरळ अर्थ असा, की पोस्टाबद्दल कायदा फक्त संसद करू शकते. महाराष्ट्र विधानसभा तो करू शकत नाही. स्टॅम्पचा दर, खात्यावरचं व्याज, पोस्टमनची भरती, कोणती सेवा चालू ठेवायची आणि कोणती बंद करायची, हे सगळं केंद्र ठरवतं. १ सप्टेंबर २०२५ पासून रजिस्टर पोस्ट ही वेगळी सेवा राहिली नाही, ती स्पीड पोस्टात मिसळली गेली. तो निर्णयही केंद्राच्या टपाल खात्याचा होता.

घटनेच्या कलम २८५ नुसार केंद्राच्या मालमत्तेवर राज्याचा किंवा स्थानिक संस्थेचा कर सहसा लागत नाही. पण हे फक्त केंद्राच्या मालकीच्या इमारतीला लागू आहे. खेड्यातली बहुतेक ब्रँच पोस्टं डाक सेवकाच्या घरात, भाड्याच्या खोलीत किंवा ग्रामपंचायतीच्या जागेत चालतात.

आधी एकच पोस्ट नव्हतं

१८५४ च्या कायद्याने ब्रिटिश हिंदुस्थानात टपालाचा दर अंतरावर न ठेवता वजनावर ठेवला. पाव तोळ्यापर्यंतच्या पत्राला अर्धा आणा, मग ते शेजारच्या तालुक्यात जावो की दूरच्या प्रांतात. असा एकच दर ठेवायचा तर चालवणाराही एकच लागतो.

पण संस्थानांत चित्र वेगळं होतं. मराठवाडा तेव्हा हैदराबाद संस्थानात होता, तिथे निजामाचं स्वतःचं टपाल खातं आणि स्वतःचे स्टॅम्प होते. ग्वाल्हेरला शिंद्यांच्या राज्यात ब्रिटिश हिंदुस्थानचेच स्टॅम्प संस्थानाचं नाव वर छापून वापरले जात. राज्यघटना लागू झाल्यावर १९५०-५१ पर्यंत ही संस्थानी टपाल खाती भारतीय टपाल खात्यात मिसळली. गोव्यात डिसेंबर १९६१ पर्यंत पोर्तुगीजांचं टपाल चालत होतं.

नव्या कायद्यात काय बदललं?

१८९८ चा जुना टपाल कायदा जाऊन त्या जागी ‘डाकघर कायदा २०२३’ आला. तो १८ जून २०२४ पासून लागू आहे. यातल्या दोन गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत.

एक, पत्रं पोचवण्याचा एकाधिकार जुन्या कायद्याने केंद्राला दिला होता. नव्या कायद्यात तो नाही. टपाल तिकीट काढण्याचा अधिकार मात्र फक्त पोस्टाकडेच राहिला आहे.

दोन, टपाल अडवण्याचा किंवा उघडण्याचा अधिकार. जुन्या कायद्याच्या कलम २६ मध्ये सार्वजनिक आणीबाणी किंवा सुरक्षिततेच्या कारणावरून केंद्र आणि राज्य अशा दोन्ही सरकारांना लेखी आदेश काढता येत होता. नव्या कायद्याच्या कलम ९ मध्ये अधिसूचना काढून अधिकारी नेमण्याचं काम केंद्राला दिलं आहे. राज्य सरकारचं नाव तिथून गेलं. या विषयाला जुना इतिहासही आहे. १९८६ मध्ये संसदेने टपाल उघडण्याचे अधिकार वाढवणारं दुरुस्ती विधेयक मंजूर केलं होतं, पण राष्ट्रपती ग्यानी झैल सिंग यांनी त्यावर सहीच केली नाही. शेवटी ते विधेयक मागे घेतलं गेलं.

पोस्टाची साखळी कशी आहे?

देशात सुमारे १ लाख ६४ हजार पोस्टं आहेत. त्यातली दहापैकी नऊ ग्रामीण भागात आहेत. गावातलं ब्रँच पोस्ट ग्रामीण डाक सेवक चालवतो. त्याच्या वर सब पोस्ट, मग हेड पोस्ट. देखरेखीला उपविभागाचा डाक निरीक्षक आणि विभागाचा डाक अधीक्षक. त्यावर रिजनचे पोस्टमास्टर जनरल आणि मुंबईत चीफ पोस्टमास्टर जनरल. या साखळीत तहसीलदार, बीडीओ, जिल्हाधिकारी कुठेच नाहीत.

पोस्टाचा नकाशाही राज्याच्या नकाशाप्रमाणे चालत नाही. महाराष्ट्र सर्कलमध्ये गोवा राज्यही येतं. कोल्हापूर, सांगली, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे जिल्हे पोस्टाच्या गोवा रिजनमध्ये आहेत, त्यांचे पोस्टमास्टर जनरल पणजीला बसतात.

ग्रामपंचायतीने ठराव करून डाक सेवकाला काढता येत नाही. केरळमधल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्येच सांगितलं आहे, की असे सेवक नियमित केंद्रीय कर्मचारी नसले तरी त्यांचं पद केंद्राच्या अधीन नागरी पद आहे. त्यामुळे चौकशी आणि कारवाई पोस्ट खात्यानेच करायची.

मग राज्याचा हात कुठे लागतो?

*योजनांचे पैसे:* संजय गांधी निराधार योजनेत लाभार्थी पात्र की अपात्र हे तालुक्याला ठरतं. लाडकी बहीण योजना राज्याच्या महिला व बालविकास विभागाची आहे. यादीत नाव नसेल, अर्ज नाकारला असेल तर पोस्टमास्तरच्या हातात काही नाही. उलट पैसे सुटले, खात्यात जमा झाले, पण काढता येत नाहीत, अंगठा लागत नाही, खातं बंद पडलंय, असं असेल तर तहसीलदार काही करू शकत नाहीत. ते काम पोस्टाचं किंवा पोस्ट पेमेंट्स बँकेचं. सप्टेंबर २०१८ मध्ये सुरू झालेली ही बँक पूर्णपणे केंद्र सरकारच्या मालकीची आहे.

*आरडी एजंट:* महिला प्रधान क्षेत्रीय बचत योजनेच्या एजंटची नेमणूक जिल्हा प्रशासनाच्या अल्पबचत यंत्रणेतून होते. हप्ता गोळा करून तो पोस्टात भरला नसेल तर दोन अर्ज करावे लागतात, एक डाक अधीक्षकांना आणि दुसरा जिल्ह्याच्या अल्पबचत कार्यालयाला. एजंटच्या कार्डावरची सही जपून ठेवा. पण खात्यात खरोखर किती जमा झाले, ते पासबुकावरच कळतं. म्हणून पासबुक एजंटकडे ठेवू नये आणि दोन-तीन महिन्यांनी स्वतः जाऊन नोंद करून घ्यावी.

*पोलीस:* पोस्टातला अपहार असला तरी तो गुन्हा आहे आणि पोलीस हा राज्याचा विषय आहे. फिर्याद जवळच्या ठाण्यातच द्यायची. ‘केंद्राचं खातं आहे, दिल्लीला जा’ असं कोणी म्हणालं तर ते बरोबर नाही.

*रेव्हेन्यू स्टॅम्प:* तो पोस्टात विकत मिळतो, पण ते टपाल तिकीट नाही. पावतीवरच्या या मुद्रांकाचा दर केंद्र ठरवतं आणि घटनेच्या कलम २६८ प्रमाणे पैसा राज्याच्या तिजोरीत जातो.

*अल्पबचत:* पूर्वी जिल्हाधिकारी कार्यालयं अल्पबचतीसाठी एवढा जोर का लावायची, याचंही कारण आहे. गावात जमलेल्या बचतीतला मोठा वाटा राज्य सरकारला कर्ज म्हणून मिळायचा. चौदाव्या वित्त आयोगाच्या शिफारशीनंतर बहुतेक राज्यं यातून बाहेर पडली. अरुणाचल प्रदेश, दिल्ली, केरळ आणि मध्य प्रदेश एवढीच राहिली. महाराष्ट्र त्यात नाही.

राज्याने आवाज उठवला तर?

अधिकार नसला तरी दबाव चालतो. १४ जुलै २०१९ रोजी पोस्टमन वगैरे पदांसाठी खात्याची परीक्षा फक्त हिंदी आणि इंग्रजीत झाली. तमिळनाडूच्या खासदारांनी राज्यसभेत जोरदार विरोध केला. दोनच दिवसांत तेव्हाचे मंत्री रविशंकर प्रसाद यांनी ती परीक्षा रद्द केल्याचं आणि ती पुन्हा स्थानिक भाषांतही होईल असं सभागृहात जाहीर केलं. लक्षात घ्या, निर्णय फिरला तो संसदेत, विधानसभेत नाही. म्हणून पोस्टाच्या प्रश्नावर निवेदन आमदारांना जरूर द्या, पण खासदारांना आधी द्या. प्रश्न विचारण्याचा मंच त्यांच्याकडे आहे.

कोणत्या कामाला कुठे जायचं?

• टपाल मिळत नाही, पोस्टमन येत नाही, पोस्ट वेळेवर उघडत नाही: आधी सब पोस्ट, मग उपविभागाचे डाक निरीक्षक, मग डाक अधीक्षक.

• फोनवर तक्रार: टोल फ्री १८०० २६६ ६८६८. तक्रार क्रमांक लिहून घ्या.

• ऑनलाइन तक्रार: केंद्राच्या ‘सीपीग्राम्स’ पोर्टलवर टपाल विभाग निवडून. ‘आपले सरकार’ पोर्टल राज्याच्या खात्यांसाठी आहे.

• जुनी, अडकलेली तक्रार: खात्याच्या डाक अदालतीत. तारीख विभागीय कार्यालयात कळते.

• गावात नवीन ब्रँच पोस्ट हवं: डाक अधीक्षकांकडे मागणी. निकषानुसार सर्वसाधारण भागात गटातल्या गावांची मिळून ३००० लोकसंख्या लागते आणि जवळचं पोस्ट किमान ३ किलोमीटर लांब असावं लागतं. डोंगरी, आदिवासी व मागास भागात एका गावाची ५०० किंवा गटाची १५०० लोकसंख्या पुरते. पोस्टाला अपेक्षित उत्पन्नही बघितलं जातं.

• योजनेच्या यादीत नाव नाही: तहसील कार्यालय किंवा राज्याचा संबंधित विभाग.

माहिती अधिकारात एक चूक टाळा

राज्याच्या कार्यालयात आरटीआय अर्जावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावतात. पोस्ट केंद्राचं असल्यामुळे तिथे तो चालत नाही. १० रुपयांची पोस्टल ऑर्डर जोडा, रोख भरून पावती घ्या किंवा केंद्राच्या आरटीआय पोर्टलवर अर्ज करा. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला फी नाही, पण दाखला जोडावा लागतो. उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे. पहिलं अपील पोस्ट खात्यातच होतं. दुसरं अपील राज्य माहिती आयोगाकडे नाही, तर दिल्लीच्या केंद्रीय माहिती आयोगाकडे जातं.

ग्रामसभेचा ठराव वाया जातो असं नाही. पोस्टाला तो आदेश म्हणून लागू होत नाही, पण गावाची मागणी म्हणून त्याचं वजन असतं. ठरावात किती दिवस टपाल आलं नाही, किती खातेदारांना त्रास झाला, कोणत्या तारखेला तोंडी सांगितलं, हे नीट लिहा. एक प्रत डाक अधीक्षकांना, एक खासदारांना पाठवा आणि पोच आपल्याकडे ठेवा.